पाचाला मनाई

तर ही गोष्ट सुरू होते १९३९ साली, इंग्लंडात. ब्रॅडली आणि गोल्डश्मिट नावाचे दोन संशोधक होते. त्यांचा उद्योग काय, तर ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंड वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र वितळवायचं, तो रस अगदी सावकाश थंड होऊ द्यायचा, मग त्याची पूड करायची आणि त्या पुडीवर क्ष-किरण सोडायचे. एक मिश्रण झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं.

"कशाला पण एवढा खटाटोप?" मुक्ताने विचारलंच.

नकाशा करायला, बाळा. दोन-तीन धातू एकत्र वितळवले आणि गार केले, की त्यांचे अणू कुठल्या ना कुठल्या ठरावीक मांडणीत बसतात. प्रमाण बदललं की मांडणी बदलते, तापमान बदललं तरी बदलते. अशा प्रत्येक मांडणीला पुस्तकात 'प्रावस्था' म्हणतात. आम्ही ओतकामातली माणसं सरळ 'फेज' म्हणायचो. कुठल्या प्रमाणाला, कुठल्या तापमानाला कुठली फेज मिळेल हे दाखवणारा जो तक्ता, तो आमचा नकाशा. तो नसेल तर ओतारी आंधळा. काल ओतलेला भाग मजबूत निघाला आणि आज ओतलेला टिचला, तर का टिचला हे त्याला सांगता येत नाही.

नकाशावरच्या प्रत्येक फेजला नाव हवं, म्हणून ग्रीक अक्षरं वापरायची पद्धत आहे. ब्रॅडली-गोल्डश्मिटना ॲल्युमिनियमच्या बाजूला एक लहानसा पट्टा असा सापडला, की जिथे क्ष-किरणांच्या रेषा तर स्वच्छ उमटत होत्या, म्हणजे अणू शिस्तीत बसलेले होते. पण कुठल्या शिस्तीत, ते काही उलगडेना. बाकीच्या फेजचं गणित बसलं. कुठे चौकोनी ठोकळा निघाला, कुठे कललेला ठोकळा. हिचं बसलं नाही. त्यांनी तिला 'साय' हे अक्षर दिलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

"साय? दुधावरची?" ईशानला हसू आवरेना.

ग्रीक अक्षर आहे रे ते. त्रिशूळासारखं दिसतं. ते अक्षर जवळजवळ पन्नास वर्षं त्या नकाशावर तसंच बसून राहिलं. त्याच्यामागे काय दडलंय ते कळायला आधी एक नियम समजून घ्यावा लागेल. तेव्हा उठा, जुन्या वहीचा पुठ्ठा आणा, कात्री आणा आणि कंपासमधला कोनमापक आणा.

हं. आता समजा, आपल्याला घरात फरशी घालायची आहे. सगळ्या लाद्या एकसारख्या हव्यात आणि मध्ये फट राहता कामा नये. चौकोनी लाद्या? बसतात, ते आपण रोजच बघतो. तिकोनी? बसतात. सहाकोनी? त्याही मस्त बसतात. आता पाचकोनी काप. पाचही बाजू सारख्या, प्रत्येक कोपरा १०८ अंशांचा. काप अशा चार लाद्या. आता एका बिंदूला कोपरे टेकवून लावत जा. एक, दोन, तीन. तीन लाद्यांचे मिळून झाले ३२४ अंश. पूर्ण फेरीला लागतात ३६०. उरली ३६ अंशांची चिंचोळी फट. चौथी लादी घुसव बघू.

"नाही जात. वर चढतेय."

नाहीच जाणार. आणि ती फट तशीच सोडली तर फरशी झाली नाही. स्फटिक म्हणजे हीच फरशी, फक्त लांबी-रुंदीबरोबर उंचीतही घातलेली. अणूंचा एक लहानसा ठोकळा घ्यायचा आणि तोच डावीकडे, उजवीकडे, वर, खाली ठेवत जायचं. मीठ, साखर, मोरचूद, हिरा, लोखंड, सगळ्यांचं असंच. असा ठोकळा पुन्हा पुन्हा ठेवायचा म्हटलं की गणित स्वतःच काही अटी घालतं. ती मांडणी अर्धी फेरी फिरवून पुन्हा पहिल्यासारखी दिसू शकते, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा किंवा सहावा हिस्सा फिरवूनही दिसू शकते. पाचवा हिस्सा फिरवून नाही. पाचाला मनाई. सातालाही मनाई, आठालाही, दहालाही. १८९१च्या सुमारास रशियात फेदोरोव्ह आणि जर्मनीत शोनफ्लिस या दोघांनी स्वतंत्रपणे मोजदाद करून सांगितलं, की अशा मांडणीचे एकूण प्रकार होतात २३०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

हे सगळं कागदावरचं गणित. तेव्हा अणू कोणी पाहिले होते? पुढे १९१२ साली जर्मनीत लाउए यांच्या सूचनेवरून त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरचुदाच्या एका खड्यातून क्ष-किरण पाठवले आणि पलीकडे फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. अणूंच्या रांगांवरून किरण विखुरतात, काही दिशांना एकमेकांना बळ देतात, बाकीच्या दिशांना विरून जातात. म्हणून ठिपके. ठिपक्यांची नक्षी बघून आतली मांडणी ओळखायची. त्यानंतर सत्तर वर्षांत कितीतरी हजार स्फटिकांचे असे ठिपके घेतले गेले. पाचाची किंवा दहाची नक्षी असलेला स्फटिक कोणी मान्य केलेला नव्हता. मग नियमावर विश्वास का बसणार नाही? मी तर म्हणतो, बसायलाच हवा होता.

आता आपल्या ॲल्युमिनियमकडे. आजीने माळ्यावर टाकलेलं ते जर्मनचं पातेलं आठवतं? लोक त्याला जर्मन म्हणोत नाहीतर जर्मल, धातू ॲल्युमिनियमच. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर बसतात. प्रत्येक अणूला बारा शेजारी. पण शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ, बोटाने वाकतं, म्हणून भांड्यांच्या पत्र्यात बऱ्याचदा एक-सव्वा टक्का मँगनीज घालतात. यापेक्षा फार जास्त घालून उपयोग नसतो, कारण ते घन ॲल्युमिनियममध्ये मुरतच नाही. पत्रा वितळण्याच्या बेताला आला असतानासुद्धा शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅमही मुरत नाही. उरलेलं मँगनीज आपला वेगळा संसार थाटतं. सहा अणू ॲल्युमिनियमचे आणि एक मँगनीजचा अशा हिशेबाने त्याची निराळी फेज तयार होते. तीसुद्धा रीतसर, ठोकळ्या-ठोकळ्यांची.

हे सगळं कधी? रस निवांत गार झाला तर. नकाशात एक अट लिहिलेली नसते पण गृहीत असते: अणूंना आपापली जागा शोधायला वेळ मिळाला पाहिजे. लोहार तापलेल्या विळ्याला पाणी देतो तेव्हा तो हाच वेळ अणूंकडून काढून घेतो. गरम असतानाची मांडणी नीट मोडायच्या आत गारठून जाते, म्हणून धार कडक होते. १९६० नंतर शास्त्रज्ञांनी यात कमालच केली. तांब्याचं चाक गरागरा फिरवायचं आणि त्याच्या कडेवर वितळलेल्या धातूची बारीक धार सोडायची. चाकाला लागताक्षणी धातू गोठतो आणि फितीसारखा बाहेर फेकला जातो. ही फीत केसापेक्षा जाड नसते. गार होण्याचा वेग साधारण सेकंदाला दहा लाख अंश.

"दहा लाख? पण ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं!"

शाबास. म्हणजे सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्याही आत आटोपतो. अशा घाईत अणू कुठे बसतील ते नकाशा सांगू शकत नाही. तिथे जाऊनच बघावं लागतं.

तिथे गेला दान शेख्तमन. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या टेक्निऑन या संस्थेतला माणूस. लहानपणी त्याने जूल व्हर्नची 'मिस्टीरियस आयलंड' ही कादंबरी वाचली, तिच्यातल्या इंजिनियरच्या तो प्रेमातच पडला आणि पुन्हा पुन्हा तीच वाचत राहिला. निर्जन बेटावर हाताशी काही नसताना माणूस ज्ञानाच्या जोरावर सगळं उभं करतो, हे त्याला फार भावलं. तर हा शेख्तमन १९८१ साली दोन वर्षांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आला. विमानांसाठी हलके पण मजबूत मिश्रधातू हवे होते, म्हणून झटपट गोठवलेल्या ॲल्युमिनियमच्या फिती तो तपासत होता. लोखंड घालून बघितलं, मँगनीज घालून बघितलं. उपयोगाची मिश्रणं थोड्या टक्क्यांत संपतात. पण याने मँगनीज वाढवत वाढवत वजनाने २५ टक्क्यांवर नेलं. त्या मिश्रणाचा विमानाला काडीचा उपयोग नव्हता, फीत हातात धरली तर तुटायची. मग का केलं? बघू तरी काय होतंय, म्हणून. या एका वाक्यावर माणसाला दोन दिवस मोकळे देणारी संस्था भाग्यवान.

८ एप्रिल १९८२. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या फितीचा पातळ केलेला तुकडा. त्यात एक कण त्याला विचित्र वाटला, नेहमीपेक्षा काळा. त्या कणावर त्याने इलेक्ट्रॉनांचा झोत रोखला आणि ठिपके घेतले. मध्ये एक ठळक ठिपका, भोवती ठिपक्यांची वर्तुळं. एका वर्तुळावरचे ठिपके त्याने मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. तो स्वतःशी हिब्रूत म्हणाला, असा प्राणी असूच शकत नाही. वहीत 'दहा' लिहून त्याने पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. मग कोणाला तरी दाखवावं म्हणून तो बाहेरच्या बोळात आला, तर तिथे कोणीच नव्हतं. परत आत जाऊन कामाला लागला.

इथे जरा थांबा, कारण लोक पुढची भांडणं रंगवून सांगतात आणि त्या दिवशी दुपारी त्याने काय केलं ते सांगायचं विसरतात. असे खोटे दहा ठिपके दिसण्याची एक ओळखीची वाट आहे. पाच साधे स्फटिक एका बिंदूभोवती एकमेकांना चिकटून वाढले, तर पाचांच्या ठिपक्यांची सरमिसळ होऊन दहाची नक्षी दिसते. याला जुळे स्फटिक म्हणतात आणि धातूंमध्ये ते पैशाला पासरी सापडतात. शेख्तमनलाही पहिला संशय तोच आला. त्याने झोत बारीक बारीक करत नेला. जुळी असतील तर कधी ना कधी झोत एकाच भावंडावर पडेल आणि नक्षी साधी होईल. झाली नाही. कितीही छोटा तुकडा घ्या, दहा ते दहाच. मग त्याने नमुना तिरका करकरून वेगवेगळ्या दिशांनी ठिपके घेतले. एका दिशेने दहाची नक्षी, दुसरीकडून सहाची, तिसरीकडून दोनाची, आणि त्या दिशांमधले कोन मोजले तर ते वीस तिकोनी पृष्ठांच्या घनाकृतीशी जुळत होते. विंशतिफलक म्हणतात तिला.

अजून एक गंमत. साध्या स्फटिकाच्या नक्षीत ठिपके सारख्या अंतरावर असतात: एक, दोन, तीन, चार. कारण आतला ठोकळा सारख्या अंतरावर पुन्हा येतो. इथे मधल्या ठिपक्यापासून बाहेर जाताना अंतरं १.६१८ पटींनी वाढत होती. हा आकडा पाचकोनातलाच आहे. तुझ्या पुठ्ठ्याच्या लादीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोज आणि त्याला एका बाजूच्या लांबीने भाग.

मुक्ताने पट्टीने मोजलं. बाजू ५ सेंटीमीटर, कर्ण ८.१. "१.६२ येतंय!"

पुठ्ठ्याची लादी आणि पट्टी, एवढ्यावर एवढं जवळ आलं म्हणजे बरंच झालं. तर मनाई असलेला पाच तिथे नुसता डोकावत नव्हता, अंतरा-अंतरांत भरलेला होता.

लोकांनी मानलं का? नाही. त्याच्या गटाच्या प्रमुखाने त्याला स्फटिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणून दिलं, हे वाच म्हणून. काही दिवसांनी गट सोडायला सांगितलं. त्याला अमेरिकेला बोलावणारा जॉन केहन हा धातुशास्त्रातला फार मोठा माणूस. तोही आधी म्हणाला, जुळे असतील, सोडून दे. शेख्तमन हैफाला परतला तेव्हा इलान ब्लेक नावाच्या सहकाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि असे ठिपके कसल्या मांडणीतून येऊ शकतील याचं एक गणिती रूप तयार केलं. दोघांचा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. मग केहनने सगळं नीट तपासलं, त्याची खात्री पटली. फ्रान्सचा ग्रातिआस हा स्फटिकतज्ज्ञ सामील झाला आणि चौघांच्या नावाने नोव्हेंबर १९८४ मध्ये लेख छापून आला. शोधानंतर अडीच वर्षांनी.

लेख आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापली चाकं फिरवायला घेतली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या लेव्हिन आणि स्टाइनहार्ट यांनी या पदार्थाला नाव दिलं, क्वासीक्रिस्टल. त्यांचं गणित आधीपासून तयार होतं आणि ते आलं होतं फरशीवरून.

"कुठल्या फरशीवरून? पाचकोन तर बसत नाहीत ना?"

बसत नाहीत, म्हणून तर मजा आहे. रॉजर पेनरोझ या इंग्रज गणितज्ञाने १९७०च्या दशकात तुमच्यासारखाच पाचकोनांचा खेळ मांडला. फटी राहिल्या. त्याने विचार केला, राहू देत फटी, आपण त्यांच्या मापाच्याच लाद्या करू. मगाचची ३६ अंशांची फट? तिच्यात तेवढ्याच कोनाची चिंचोळी चौकट बसते. असं करत करत त्याने शेवटी फक्त दोन प्रकारच्या लाद्या ठेवल्या. दोन्ही समभुज, एक जाडी आणि एक बारीक, बारकीचा कोन ३६ अंश. कडा कशा जुळवायच्या याचे काही नियम पाळले तर या दोघी मिळून हवी तेवढी मोठी जमीन भरतात, फट नाही, आणि नक्षी कधीच जशीच्या तशी सरकवून पुन्हा येत नाही. लादी लावत पुण्यापर्यंत गेलात तरी नाही. तरीही ती गचाळ नाही. जिकडे बघाल तिकडे पाचाच्या चांदण्या दिसतात. आणि जाड्या लाद्या बारक्यांच्या किती पट लागतात? मोठ्या फरशीत १.६१८ पट. लंडनमध्ये ॲलन मॅके यांनी अशा नक्षीतून प्रकाशाचा झोत पाठवून बघितला, तर दहाचे ठिपके उमटले. साल तेच, १९८२.

म्हणजे शिस्त असायला तोच ठोकळा पुन्हा पुन्हा यावाच लागतो, हे आपण गृहीत धरलं होतं. तसा नियम निसर्गाने केला नव्हता. फेदोरोव्ह-शोनफ्लिस यांचे २३० प्रकार तेव्हाही बरोबर होते, आजही बरोबर आहेत. फक्त ते 'पुन्हा पुन्हा येणाऱ्या' शिस्तीचे आहेत, आणि त्यांच्या कुंपणाबाहेरही शिस्त असते.

लिनस पॉलिंग यांना हे पटलं नाही. रसायनशास्त्रातलं फार दांडगं नाव. दोन नोबेल, दोन्ही एकट्याला. त्यांनी १९८५ साली लेख लिहून सांगितलं, की हे चौकोनी स्फटिकांचे जुळे-तिळे आहेत, फक्त त्यांचा ठोकळा फार मोठा असल्याने तुम्ही फसताय. परिषदांमधून ते उघड टिंगल करायचे, हे शेख्तमनने पुढे अनेकदा सांगितलं. गोष्टीत पॉलिंग खलनायक होतो. मला तसं वाटत नाही. टिंगल करायला नको होती हे खरं. पण त्यांच्या आक्षेपामुळेच लोकांनी जास्त मोठे, जास्त स्वच्छ नमुने करून जास्त बारीक मापं घेतली. ते १९९४ साली गेले, तोवर त्यांच्या बाजूला जवळपास कोणी उरलं नव्हतं.

पण एक शंका खरोखरच तगडी होती आणि ती आमच्यासारख्या भट्टीवाल्यांची होती. शेख्तमनची फीत पुन्हा तापवली की काय व्हायचं? पाचाची नक्षी मोडायची आणि सहा ॲल्युमिनियम, एक मँगनीज ही नकाशावरची जुनी फेज परत यायची. म्हणजे हे घाईचं अपत्य. चार्ल्स फ्रँक यांनी १९५२ सालीच दाखवलं होतं, की एका अणूभोवती बारा अणू विंशतिफलकाच्या बारा कोपऱ्यांवर बसवले तर ते साध्या धातूतल्या बारा शेजाऱ्यांपेक्षा जास्त घट्ट बसतात, फरक जवळपास ८ टक्क्यांचा. वितळलेल्या रसात असे पुंजके असणार, असं त्यांचं म्हणणं. मग झटकन गोठवलं तर रसातली पाचाची खोड घनात उतरते, एवढंच. वेळ दिला असता तर अणू सुधारले असते. बरेच जण असंच समजत होते.

आणि १९८७ साली जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात आन-पांग त्साई नावाच्या तैवानहून शिकायला आलेल्या तरुणाने, आपल्या गुरुजनांबरोबर, एक मिश्रण केलं. शंभरात ६५ अणू ॲल्युमिनियमचे, २० तांब्याचे, १५ लोखंडाचे. सावकाश गार केलं. तापवून ठेवलं. नक्षी मोडली तर नाहीच, उलट आणखी स्वच्छ झाली. मिलिमीटरच्या काही हिश्शाएवढे कण वाढले आणि सूक्ष्मदर्शकात त्यांचा बाहेरचा आकार दिसला: बारा पृष्ठं, प्रत्येक पृष्ठ पाचकोनी.

"आजोबा, ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड... म्हणजे ती साय!"

तीच. ब्रॅडली आणि गोल्डश्मिटची. त्यांनी तर सावकाश गार केलेलेच नमुने घेतले होते. त्यांच्या पुडीत क्वासीक्रिस्टल होता, क्ष-किरणांच्या रेषा कागदावर उमटल्या होत्या, आणि नकाशावर तिची हद्द आखून अक्षरही लिहिलं होतं. फक्त रेषांचं गणित ठोकळ्यात बसवायचं म्हटलं, तर ठोकळाच नव्हता.

त्या फेजचा जन्म बघण्यासारखा आहे. रस गार व्हायला लागला की ती आधी येत नाही. आधी लोखंडाचे जास्त अणू घेणारी एक कललेल्या ठोकळ्यांची फेज येते, तिच्या जोडीला एक चौकोनी फेज. मग पावणेनऊशे अंशांच्या आसपास उरलेला रस या दोघींना खायला लागतो आणि त्यातून साय जन्मते. घन पदार्थ आणि रस यांची गाठ, त्यात अणूंना घनातून सरकत जायचं. हे काम चेंगटच. म्हणून नुसतं ओतून गार केलेल्या तुकड्यात तिघीही सापडतात, एकीच्या पोटात दुसरी. तोच तुकडा ८०० अंशांच्या आसपास भट्टीत बराच वेळ ठेवून द्या. पहिल्या दोघी विरघळत जातात आणि निव्वळ साय उरते. म्हणजे शेख्तमनचा पाच घाईने मिळाला, त्साईचा पाच धीराने पक्का झाला.

मग लोकांनी जुने नकाशे उघडले. ब्रिटनमध्ये हार्डी आणि सिल्कॉक यांनी १९५५ साली ॲल्युमिनियम, तांबं आणि लिथियम यांचा नकाशा काढला होता, तोही ॲल्युमिनियमच्या बाजूचाच. त्यात 'टी-टू' नावाची फेज होती, जिच्या रेषा कशातच बसत नव्हत्या. तीही क्वासीक्रिस्टल निघाली. तिचे कण तर तीस समभुज पृष्ठांचे, हिऱ्याला पैलू पाडल्यासारखे. आपल्या वाराणसीला, काशी हिंदू विश्वविद्यालयात, शास्त्री आणि सूर्यनारायण यांनी बेल्जियमच्या दोघांबरोबर १९७८ साली ॲल्युमिनियम आणि पॅलेडियमच्या मिश्रधातूचे ठिपके छापले होते. शेख्तमनच्या चार वर्षं आधी, आणि त्यात दहाच्या नक्षीच्या अगदी जवळ जाणारी चित्रं आहेत. पुढे १९८५ साली बंगळुरू आणि वाराणसीच्या मंडळींनी, त्यांत चट्टोपाध्याय होते, लेले होते, रंगनाथन होते, ॲल्युमिनियम-मँगनीजमध्येच दुसऱ्या जातीचा क्वासीक्रिस्टल दाखवला. त्याच्या एका थरात दहाची नक्षी असते, आणि असे थर मात्र एकावर एक सारख्या अंतरावर रचलेले. अमेरिकेत बेंडर्स्कीला तोच त्याच सुमारास सापडला.

या आधीच्या माणसांना लोक 'हुकले बिचारे' म्हणतात. मला ते काही पटत नाही. गणित बसत नाही म्हटल्यावर त्यांनी ओढूनताणून ते बसवलं नाही, रेषा दडपल्या नाहीत; आहे तसं छापलं आणि जागेला नाव देऊन ठेवलं. म्हणून तर १९८७ साली ते पान उघडून बघता आलं.

बाकीचं भराभर सांगतो. या पदार्थाचे गुण उफराटे. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड, तिघेही वीज आणि उष्णता वाहून नेणारे. तिघे मिळून साय झाली की दोन्हींना अडवते. साधा धातू गरम केला की वीज जास्त अडते, हिच्यात गरम केल्यावर कमी अडते. टणक भरपूर, पण थंड असताना ठोकली तर चहाच्या कपासारखी फुटते. पृष्ठभागाला फारसं काही चिकटत नाही, म्हणून फ्रान्समध्ये द्युब्वा यांनी तव्यावर तिच्या नात्यातल्या मिश्रधातूचा थर देण्याचं पेटंट घेतलं. तसे तवे बाजारात आलेही, फार चालले नाहीत. १९९२ साली स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली: ज्याचे ठिपके स्पष्ट आणि सुटे उमटतात तो स्फटिक. पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा व्याख्येतून गेला. आणि २०११ साली रसायनशास्त्राचं नोबेल शेख्तमनला मिळालं, एकट्याला.

"मग हे सगळं माणसानेच केलेलं? निसर्गात नाही?"

हा प्रश्न स्टाइनहार्टनेही विचारला होता. जगभरच्या संग्रहालयांतली खनिजं तो धुंडाळत होता. इटलीत फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या लुका बिंदी याने आपल्याकडचा एक बारकासा दगड कापून पाठवला. चिठ्ठीवर ठिकाण लिहिलेलं: रशियाच्या पार पूर्व टोकाला, कोर्याक डोंगरांत, खातिर्का. २००९च्या जानेवारीत प्रिन्स्टनमध्ये त्यातल्या एका कणावर झोत सोडला आणि दहाचे ठिपके आले. घटक? ६३ अणू ॲल्युमिनियमचे, २४ तांब्याचे, १३ लोखंडाचे.

भूगर्भशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना, आणि कारणही तसंच होतं. ॲल्युमिनियम जमिनीत भरपूर आहे, पण धातू म्हणून कुठेच मोकळं सापडत नाही. ऑक्सिजन दिसला की ते त्याला घट्ट धरतं. आपल्याकडे कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर बॉक्साइट आहे, त्याचं ॲल्युमिनियम करायला किती वीज लागते ते तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. मग धातुरूप ॲल्युमिनियम दगडात आलं कुठून? कारखान्याची मळी तर नसेल? म्हणून २०११च्या उन्हाळ्यात एक तुकडी तिथे गेली. १९७९ साली ज्याने तो दगड मूळ ओढ्यातल्या चिकणमातीतून धुऊन काढला होता, तो क्र्याच्को नावाचा रशियन माणूसही बरोबर होता. ओढ्याकाठची माती त्यांनी ताटांत घालून धुतली आणि आणखी कण मिळवले. त्यांतल्या ऑक्सिजनच्या जातींचं प्रमाण पृथ्वीवरच्या दगडांचं नव्हतं, उल्कांचं होतं. सूर्यमाला तयार होत असतानाचा, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा मालमसाला, आणि त्यात कधीतरी अंतराळात दोन दगडांची जबर टक्कर झालेली. टकरीने क्षणभर प्रचंड दाब आणि उष्णता, आणि लगेच गारठा. पुढे कॅलिफोर्नियात एका मोठ्या बंदुकीने धातूंच्या चकतीवर गोळी झाडून तशी टक्कर घडवली, तर त्या चकतीतही क्वासीक्रिस्टलचे कण सापडले.

त्याच उल्केत २०१५ साली निकेलवाला दुसरा क्वासीक्रिस्टल ओळखला गेला, थरांच्या जातीचा. आणि २०१६ साली तिसरा: ६२ अणू ॲल्युमिनियम, ३१ तांबं, ७ लोखंड. धातू सायचेच, पण तांबं जास्त आणि लोखंड निम्म्यावर. मी आधी नकाशात त्याची जागा शोधली. पण तिथे या प्रमाणाला क्वासीक्रिस्टल नाही, आणि तोवर तो कुठल्याही भट्टीत किंवा चाकावर कोणी केलेलाही नव्हता. आपले नकाशे आपल्या घरातल्या दाबाला काढलेले. उल्केच्या टकरीत जेवढा दाब होता, तेवढ्या दाबाचे तक्ते आता कुठे काढायला घेतलेत.